पोरांचं इन्स्टा, पालकांचे प्रश्न

पालकसभेत माईक फिरवला की कुणीच काही विचारत नाही. चहाच्या वेळी एकेक जण बाजूला घेतो, आणि खरे प्रश्न रात्री साडेदहानंतर मेसेजवर येतात: "मॅडम, एक विचारायचं होतं, पण कुणाला सांगू नका." तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न पालकांच्याच भाषेत ठेवलेत. ओळख पटेल असं मात्र सगळं काढून टाकलंय.

मुलाला आत्ता या घडीला कुणी फोटोवरून धमकावत असेल, तर बाकीचं सोडा आणि थेट प्रश्न १० वर जा.

१. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप कितव्या वर्षापासून चालतं?

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांची अट १३ वर्षं पूर्ण अशी आहे. ही कंपन्यांनी घातलेली अट. आपल्या कायद्याची रेघ वेगळीकडे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय. त्याची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, आणि त्याच्यावर नजर ठेवून त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो कायदा सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले गेले.

तेरा पूर्ण झाली म्हणजे द्यायलाच हवं, असं कुठे लिहिलेलं नाही. लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, म्हणून वाढदिवसाच्या दिवशीच किल्ली देऊन कुणी पोराला घाटात पाठवत नाही.

२. मुलीने जन्मसाल खोटं टाकून आधीच खातं काढलंय. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खोट्या सालाचा तोटा असा की अ‍ॅप तिला मोठी बाई समजतं. मग लहानांसाठीचं कुठलंच संरक्षण तिला लागू होत नाही, आणि कुणीही अनोळखी माणूस तिला मेसेजची रिक्वेस्ट पाठवू शकतो.

ती तेरा पूर्ण असेल तर तिला शेजारी बसवून इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये खरी जन्मतारीख टाका. तेराच्या आत असेल तर खरी तारीख टाकताच खातं बंद होऊ शकतं. तसं होणार हे तिला आधी सांगा, तिचे फोटो उतरवून घ्या आणि मग करा. रात्री ती झोपल्यावर गुपचूप खातं उडवलंत, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवं खातं तयार असतं. फक्त त्याचं नाव तुम्हाला माहीत नसतं.

३. 'टीन अकाउंट' म्हणजे काय? मला इन्स्टाग्राम वापरता येत नाही, तरी जमेल का?

जमेल. अ‍ॅपची भाषा मराठी करता येते, आणि अर्धं काम इन्स्टाग्रामने आधीच केलेलं असतं. १८ खालच्यांची खाती आता आपोआप टीन अकाउंट होतात. भारतात हे फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालं. त्यात खातं खाजगी असतं, मुलं ज्यांना फॉलो करतात किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेली आहेत तेच मेसेज करू शकतात, रोज ६० मिनिटं झाली की आठवण येते, आणि रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात. १६ च्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. १६ आणि १७ ची मुलं स्वतः बदलू शकतात. नववी-दहावीच्या पालकांनी ही मेख लक्षात ठेवावी: सोळावा वाढदिवस झाला की सेटिंग एकदा पुन्हा बघा.

पालक म्हणून तुमचं खातं मुलाच्या खात्याशी जोडता येतं. मग मागच्या सात दिवसांत तो कुणाशी बोलला ते दिसतं, काय बोलला ते दिसत नाही. माझ्या मते हा तोल बरोबर आहे (का, ते प्रश्न ५ मध्ये).

४. घरात एकच स्मार्टफोन आहे, तोही माझा. मुलगा त्यावरच इन्स्टा बघतो.

मग धोका दोघांनाही आहे. त्या फोनवर तुमचे बँकेचे ओटीपी येतात, यूपीआय आहे, आधारचा फोटो गॅलरीत पडलेला आहे. यूपीआय, बँक आणि गॅलरी यांना वेगळं अ‍ॅप लॉक लावा. त्याचा पिन मुलाची जन्मतारीख नको, ती त्याला पाठ आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा 'युजर' तयार करता येतो, म्हणजे मुलाची अ‍ॅप वेगळी आणि तुमची वेगळी.

एक फायदाही आहे. एकच फोन असलेल्या घरात मुलं बहुधा सगळ्यांमध्ये बसून बघतात. पुढेमागे त्याला वेगळा फोन घेतलात तरी ही सवय मोडू देऊ नका.

५. मुलीचे चॅट गुपचूप वाचू का? पासवर्ड मागू का?

गुपचूप नको. एक तर ते कधीतरी कळतंच. आणि कळलं की तिच्या लेखी पहिला विश्वासघात आईने केलेला असतो. त्यानंतर खरंच काही घडलं तर ती सांगायला मैत्रिणीकडे जाईल, आणि त्या मैत्रिणीचं वय असेल पंधरा.

तेरा-चौदाच्या वयात उघड ठरवून पासवर्ड घरात ठेवायला हरकत नाही. आमच्याकडे एका आईने चांगली युक्ती केली. पासवर्ड पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि देवघरातल्या डब्यात ठेवलं. गरज पडली तर फोडायचं, आणि फोडलं तर मुलीला सांगायचं. दोन वर्षं झाली, पाकीट अजून बंद आहे.

अपवाद एकच: मूल घाबरलेलं दिसतंय, जेवत नाही, फोन वाजला की दचकतं आणि विचारलं तर बोलत नाही, किंवा जिवाला धोका आहे असं वाटतंय (प्रश्न १५). तेव्हा बघा. पण बघितल्यावर लगेच तसं सांगा.

६. त्याची दोन खाती आहेत असं कळलं. तो आमच्यापासून काय लपवतोय?

बहुतेक वेळा फार काही नाही. मुलं त्याला 'स्पॅम अकाउंट' म्हणतात. एक खातं मामा-काकांना दाखवायचं, दुसरं आठ-दहा मित्रांपुरतं, वेडेवाकडे फोटो टाकायला. आपणही नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगळे असतो आणि कॉलेजच्या ग्रुपवर वेगळे. मजकूर दाखव म्हणू नका. दुसऱ्या खात्यावरही खरं वय आहे ना, ते खाजगी आहे ना आणि त्यातल्या प्रत्येकाला तो प्रत्यक्ष ओळखतो ना, एवढं विचारा.

७. शाळा म्हणते मोबाईल देऊ नका, आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते!

तक्रार रास्त आहे, शाळेच्या बैठकीत मांडा. शाळेचा ग्रुप पालकांच्या नंबरवर असावा आणि त्यात मेसेज फक्त शिक्षकांना टाकता यावेत, हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खरी डोकेदुखी मुलांनी स्वतः काढलेल्या ग्रुपची असते. कुणाला काढायचं, कुणाची टर उडवायची, सगळं तिथेच चालतं. मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं' तिथे 'माझे संपर्क' ठेवा, प्रोफाइल फोटोलाही तेच. आणि अधूनमधून 'लिंक केलेली उपकरणं' उघडून बघा. मित्राने गमतीत त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या लॅपटॉपवर जोडून ठेवल्याचे प्रकार आम्ही पाहिलेत.

८. दिवसाला किती वेळ द्यावा?

आकडा मागू नका, तो आला की घरात रोज घड्याळावरून भांडण. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं: मागच्या आठवड्यात फोन कशाला वापरला? ५७ टक्के म्हणाले अभ्यासाला, ७६ टक्के म्हणाले सोशल मीडियाला. तेव्हा "अभ्यासासाठीच हवाय" हे अर्धं खरं धरून चाला.

वेळेपेक्षा जागा आणि प्रहर ठरवा. जेवताना नाही, आणि रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, आईबाबांचासुद्धा. आम्ही पाहिलेली बहुतेक प्रकरणं रात्री अकरानंतर, पांघरुणाखाली सुरू झालेली होती. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्यात फक्त पोरांचे फोन बंद होत नाहीत, सरपंचांचाही होतो. आपल्या घरात भोंगा नको, पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

९. मुलाची गेममध्ये एका 'दादा'शी ओळख झालीये. काळजी करू का?

गेममध्ये अनोळखी लोकांशी खेळणं वेगळं आणि त्यांच्याशी घरच्या गोष्टी बोलणं वेगळं. तीन गोष्टींवर कान टवकारा. तो 'दादा' गेम सोडून टेलिग्राम किंवा स्नॅपचॅटवर ये म्हणतो का? भेटवस्तू, गेममधली नाणी, रिचार्ज देतो का? आणि "हे आपल्या दोघांतच राहू दे" असं म्हणाला का? तिसरी गोष्ट झाली असेल तर संबंध तिथेच तोडायचा.

फसवणारा माणूस पहिल्या दिवशी वाईट बोलत नाही. उलट घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ऐकून घेतो. गणिताच्या पेपरला कमी मार्क पडले हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. मूल स्नॅपचॅटवर असेल तर त्याच्या नकाशावर 'घोस्ट मोड' लावा, म्हणजे मूल कुठे आहे ते दिसणार नाही.

१०. कुणी मुलाचा खाजगी फोटो व्हायरल करायची धमकी देऊन पैसे मागतंय. आत्ता काय करू?

आधी मुलाला म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." ओरडायचंच असेल तर महिन्याने ओरडा.

मग या क्रमाने करा. पैसे देऊ नका. एकदा दिले की हा देतो हे समजतं आणि तासाभरात दुसरी मागणी येते. उत्तर देणं थांबवा. खातं आणि चॅट उडवू नका, पुरावा तोच आहे. धमकीचे मेसेज, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या (फोटोंचं काय, ते प्रश्न १३ मध्ये). ते झाल्यावर अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राने ती २०२३ मध्ये सुरू केली आणि ती भारतातूनही वापरता येते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशाचा फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद चॅटमध्ये मात्र तो चालत नाही.

हे मुलींच्याच बाबतीत होतं असा गैरसमज काढून टाका. आमच्याकडे अशा धमकीचे जास्त फोन मुलग्यांच्या घरून येतात. सुंदर प्रोफाइल, दोन तासांत व्हिडिओ कॉल, रेकॉर्डिंग, मग त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि "दहा मिनिटांत पाच हजार". त्या माणसाची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते: पोरगा घरी सांगणार नाही. आणि पोरगा का सांगत नाही? आम्ही विचारतो तेव्हा बदनामीच्या आधी उत्तर येतं, "पप्पा फोन काढून घेतील." म्हणून घरात आजच, काही झालेलं नसताना, शब्द देऊन ठेवा: अशी गोष्ट सांगितलीस तर फोन जाणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा.

११. फोटो खोटा आहे, एआयने बनवलेला. तरी गुन्हा होतो का?

होतो. शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोतला चेहरा उचलून केलेलं अश्लील चित्रही गुन्हाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमात मुलांना अश्लील रूपात दाखवणारी चित्रं बनवणं, पाठवणं, साठवणं हे सगळं येतं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार अशा चित्राची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली, तर कंपनीने जास्तीत जास्त २ तासांत ते हटवायचं असतं (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती), आणि बनावट चित्रही त्यात येतं. तक्रार करताना 'नग्नता' आणि 'अल्पवयीन' हे दोन शब्द स्पष्ट लिहा. बाकी पायऱ्या प्रश्न १० मधल्याच.

मुलीला "तू फोटो टाकलासच का" असं विचारू नका. तिने ओढणीसकट फोटो टाकला होता.

१२. तक्रार कुठे करायची? पोलिसांत गेलो तर गावभर होईल.

पैशाचा मामला असेल तर १९३०. बाकीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. त्यात महिला व मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे आणि काही तक्रारी नाव न देताही करता येतात. मुलांची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. ठाण्यात जाणार असाल तर "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. कुठल्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने ('झिरो एफआयआर') गुन्हा नोंदवता येतो.

गावभर होण्याची भीती खरी आहे, आणि कायद्याने तिचा विचार केलाय. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, कुटुंब यांची ओळख माध्यमांना छापता येत नाही. हे सगळं ठाण्यात प्रत्येकाला पाठ असेलच असं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आणखी एक. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं माहीत असून न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल, आपण आपसांत मिटवू" असं म्हणणाऱ्यांना ही ओळ दाखवा.

१३. पुरावा म्हणून तो फोटो मी माझ्या फोनवर घेऊन ठेवू का?

नको. ही चूक भली माणसं करतात. मुलीचा फोटो आईने स्वतःकडे घेतला, मावशीला पाठवला, मावशीने वकिलांना. म्हणजे आपणच तो तीन ठिकाणी पसरवला. मुलांची अश्लील चित्रं जवळ ठेवणं हाही गुन्हा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात ठासून सांगितलंय. फोटो आहे तिथे, मुलाच्या फोनमध्ये, राहू द्या. स्क्रीनशॉट धमकीच्या मजकुराचे आणि खात्याच्या नावाचे घ्या. फोन तसाच तपास अधिकाऱ्याला दाखवा.

१४. माझ्याच मुलाने वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकला. आता?

हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि तो विचारणारे पालक फार थोडे. आधी पुढचं पसरणं थांबवा: त्याला ग्रुपमध्ये लिहायला सांगा की हे चुकीचं आहे, कुणी पुढे पाठवू नका. मग शाळेला कळवा. मुलीच्या घरी थेट जाऊन "मिटवून टाका" म्हणू नका, तो दबाव ठरतो. त्याच्या फोनमधलं पुसूही नका. वकिलांशी बोला.

"मी काढला नाही, फक्त फॉरवर्ड केला" हा बचाव नाही, पाठवणंही ६७ब मध्ये येतं. पण १८ खालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तिथला हेतू मूल सुधारावं हा असतो. तुम्ही लपवाछपवी केलीत तर मुलाला मात्र दुसरंच शिकायला मिळतं.

१५. मुलीने स्टोरीवर "आता बास झालं" असं टाकलंय. नाटक असेल का?

नाटक समजू नका. तिच्याजवळ जा, थेट विचारा: जीव द्यावासा वाटतोय का? विचारल्याने डोक्यात नवा विचार येत नाही, उलट दडपण उतरतं. तिला एकटी सोडू नका, आणि टेली-मानस १४४१६ ला फोन करा. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ताबडतोब धोका असेल तर ११२. फोनचं नंतर बघू.

१६. "बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील" असं मुलाला टेलिग्रामवर कुणी म्हणालं.

खातं भाड्याने द्यायचं नाही, सिमही नाही. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरवले जातात. तपास त्या खात्यापाशी येऊन थांबतो आणि दारात पोलीस येतात ते तुमच्या. अकरावी-बारावीत नवीन खातं उघडलेल्या मुलांना हे आवर्जून सांगा. दिलंच असेल तर आजच बँकेला लेखी कळवा आणि १९३० वर नोंद करा.

१७. आम्ही तिचे फोटो टाकतो, त्यात काय बिघडलं?

दहावीच्या निकालाच्या दिवशी फेसबुक उघडून बघा. मार्कशीटवर पूर्ण नाव, आईचं नाव, आसन क्रमांक. शेजारी गणवेशातला फोटो, मागे शाळेची पाटी. अनोळखी 'दादा'ला ओळख काढायला एवढं पुरतं. टक्के लिहा, पेढ्याचा फोटो टाका, मार्कशीट राहू द्या. आणि फोटो टाकण्याआधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर टाकू नका. "माझा फोटो कोण टाकणार ते मी ठरवते" हे तिने पहिल्यांदा घरातच शिकायचं आहे.

१८. माझी बहीण मेलबर्नला असते. तिथे म्हणे सोळाच्या आत बंदीच आहे?

हो, १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ खालच्यांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकांना नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्या यादीत नाही, त्यामुळे आजीचा व्हिडिओ कॉल चालू राहील. भाचा सुट्टीत पुण्याला आला की इथल्या भावंडांच्या फोनवर बसणार, हे धरून चाला.

१९. मुलगी आता १८ ची झाली. यातलं काय बदलतं?

टीन अकाउंटची बंधनं सुटतात आणि तुमची देखरेखही. फोटोच्या प्रकरणात मात्र वय बघायचं ते फोटो काढला तेव्हाचं. सतराव्या वर्षीचा फोटो आज कुणी पसरवला, तरी तो अल्पवयीन मुलीचाच फोटो, आणि त्यासाठी टेक इट डाऊनच वापरायचं. अठरानंतरच्या फोटोसाठी तशीच वेगळी सेवा आहे, 'स्टॉप एनसीआयआय'. १९३० आणि पोर्टल दोन्हीकडे तेच राहतात. देवघरातलं ते पाकीट असेल तर तिचं तिला परत द्या, न फोडता.